वार लावून जेवलेली गाडी

मे महिना अर्धा उलटला की डेट्रॉइटजवळच्या आमच्या नोव्हायमध्ये लायलकला फुलं येतात, लोक गवत कापायची यंत्रं बाहेर काढतात, आणि शनिवारी दुपारी कुठल्या तरी गॅरेजमधून एखादं मोठं इंजिन खाकरत सुरू होतं. शरद, म्हणजे माझा नवरा, मागच्या डेकवर पेपर वाचत बसलेला असतो. पेपर खाली न घेता तो म्हणतो, "लीन चाललीय." म्हणजे इंजिनात हवा जास्त आणि पेट्रोल कमी. त्या बिचाऱ्या शेजाऱ्याने याला काही विचारलेलं नसतं, पण शरदच्या कानांना रिटायरमेंट नाही. आणि मला, सत्तरी ओलांडलेल्या या नागपूरच्या बाईला, त्या आवाजासरशी जळलेल्या रबराचा वास येतो आणि त्यात मिसळलेला हिंग-मोहरीच्या फोडणीचा. हे दोन वास एकत्र येणारी जागा जगात एकच होती, आणि तीसुद्धा एकाच उन्हाळ्यापुरती.

परवा मुग्धाचा फोन आला. मुग्धा आमची मुलगी, कॅलिफोर्नियात सनीव्हेलला एका कंपनीत जाहिरातींचं बजेट सांभाळते. आवाज पडलेला होता. मोटार शर्यतीच्या ज्या टीमला तिची कंपनी इतकी वर्षं स्पॉन्सर करत होती, त्यांना तिने त्या दिवशी नाही म्हणून कळवलं होतं. "आय हेटेड इट, आई. इकॉनॉमी वीक आहे, काय करणार?" मी तिला म्हटलं, बाई, तू चार वर्षांची होतीस तेव्हा अशाच एका स्पॉन्सरने सोडून दिलेल्या गाडीच्या टायरमध्ये बसून वरण-भात खाल्ला आहेस. तिला काहीच आठवत नाही. काहून आठवेल? पण मला आठवतं सगळं, आणि आठवलं की आजही माझी मान ताठ होते.

ऐंशीचं दशक नुकतं लागलं होतं. डेट्रॉइटच्या आसपास लोक एकमेकांना कसा आहेस असं विचारायचे नाहीत, अजून कामावर आहेस ना असं विचारायचे. कारखान्यांच्या पार्किंगमध्ये भेगांतून गवत वर आलं होतं. शरद एका मोटार कंपनीत कार्ब्युरेटरचा, म्हणजे इंजिनात हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागाचा, इंजिनियर होता. मार्चमध्ये एका दुपारी तो कॉफीचा मग आणि दोन पुस्तकं खोक्यात घालून घरी आला आणि खोकं कपाटात ठेवून दिलं. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी करत होते, त्यामुळे घर चालत होतं. पण शरदचं बोलणं थांबलं. रागावलाय म्हणावं तर तसंही नाही. विचारलं की "हो" म्हणायचा, "नको" म्हणायचा, "ठेव तिथे" म्हणायचा. मराठी मंडळाच्या कार्यक्रमांना यायचं त्याने बंद केलं, कारण तिथे जो तो आवाज खाली आणून "काही जमतंय का?" विचारायचा. दिवसभर सोफ्यावर पडून छताकडे बघायचा. सरळ सांगते, मला नोकरी गेल्याची भीती नव्हती. माझा माणूस माझ्या डोळ्यांदेखत विझत चालला होता, त्याची भीती होती.

त्याला सोफ्यावरून उठवलं ते हँकने. हँक आमचा शेजारी, दाराएवढा रुंद, मोटार कारखान्यात पत्रे ठोकतात त्या प्रेस शॉपमधून कामावरून कमी केलेला. तो शनिवारी स्टॉक कारच्या शर्यतीत उतरायचा. ती गाडी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला हसू आवरेना. दिसायला रस्त्यावरच्या कुठल्याही गाडीसारखी, पण दारं वेल्डिंग करून बंद, आत एकच सीट, आणि हा अगडबंब माणूस खिडकीतून आत शिरणार. मग गोल ट्रॅकवर नुसतं डावीकडे वळत राहायचं, घाण्याच्या बैलासारखं. एप्रिलमध्ये एका संध्याकाळी त्या गाडीचं इंजिन ठसकत होतं. शरद कचरा टाकायला बाहेर गेला आणि तो ठसका ऐकून थांबला. बराच वेळ परत येईना म्हणून मी बघायला गेले, तर नवरा हूडखाली, म्हणजे आपण ज्याला बॉनेट म्हणतो त्याच्याखाली, वाकलेला आणि हँकला काहीतरी समजावून सांगतोय. चांगली लांबलचक वाक्यं. मी पाय न वाजवता घरी परतले आणि स्वयंपाकघरात उभी राहून थोडी रडले.

त्यानंतर रोज संध्याकाळी तो त्या गॅरेजमध्ये. स्पार्क प्लग काढून उजेडात धरायचा. काळा पडला असेल तर पेट्रोल जास्त जातंय, पांढरा पडला असेल तर कमी, आणि चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा बदामी दिसला की बरोबर. घरी आल्यावर हात चोळून चोळून धुताना हे सगळं तो मला सांगायचा. मला त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं. मी आपली पोळ्या लाटता लाटता "हो का, मग?" करत राहायचे, कारण "मग" म्हटलं की तो पुढे बोलायचा.

गाडीच्या हूडवर तेव्हा एका बॅटरी कंपनीचं नाव होतं, लालभडक, हातभर उंचीच्या अक्षरांत. ती अक्षरं हँकच्या बायकोने, डोनाने, रंगवली होती. दुकानांच्या पाट्या रंगवायचं तिचं कामच होतं. कंपनी टायर द्यायची, पेट्रोल द्यायची आणि गाडीवर फुकट राबणाऱ्या पाच मेकॅनिकांचा रोजचा जेवणखर्च द्यायची. बदल्यात ट्रॅकवरचा निवेदक लाउडस्पीकरवर कंपनीचं नाव घ्यायचा. सीझनच्या दोन-तीन शर्यती झाल्या आणि कंपनीने अंग काढून घेतलं. त्या वर्षी टीव्हीवर दिसणाऱ्या मोठमोठ्या शर्यतींमधूनसुद्धा कंपन्या बाहेर पडत होत्या, तिथे मक्याच्या शेतांमधल्या आमच्या ट्रॅकला कोण पुसतो? वर अट अशी की नाव ताबडतोब काढून टाका.

त्या रविवारी डोना आणि मी सँडपेपर घेऊन बसलो. स्वतः रंगवलेली अक्षरं ती स्वतःच घासत होती. आमचे हात कोपरापर्यंत गुलाबी भुकटीने माखले. वर मारायला रंग उरला नव्हता, म्हणून नुसता करडा प्रायमर मारला, आणि हूड पाटी पुसल्यासारखा कोरा दिसायला लागला. काम संपल्यावर डोना बादलीवर बसून रडायला लागली. टायर जुने वापरता येतील, म्हणाली, पेट्रोलचंही काहीतरी करू. पण पोरांचं काय? पाचही जण बेकार होते. दिवसभर काम शोधत हिंडायचे आणि तिथून थेट गॅरेजमध्ये यायचे. त्यांच्यापुढे ठेवायला आता तिच्याकडे फक्त कॉफी होती. दोघांनी यायचं टाळायला सुरुवात केली होती. पोरं गेली की गाडी उभी राहणार, एक शर्यत चुकली की वर्षभराचे गुण गेल्यात जमा, आणि मग हँक गॅरेजला कुलूप लावणार. ती बोलत होती आणि माझ्या डोळ्यांसमोर आमचा सोफा आला.

मी म्हटलं, "वार लावू."

शरदचे वडील कोकणातल्या एका खेड्यातून पुण्याला शिकायला आले तेव्हा वार लावून जेवले होते. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असं आठवडाभर. शिकले, हेडमास्तर झाले, गावात मान मिळवला. पण शरदला या गोष्टीची आतून लाज वाटायची. लग्नाला वर्ष झाल्यावर एकदाच त्याने मला ते सांगितलं होतं आणि पुन्हा विषय काढू दिला नव्हता. आता मी माझा बेत सांगितल्यावर त्याचा चेहरा लाल झाला. म्हणाला, जे करायचं ते कर, पण माझ्या बाबांचं नाव त्यात काढू नकोस.

मी फोन घेऊन बसले. आमच्या ओळखीतल्या जवळजवळ सगळ्या घरांत कुणी ना कुणी मोटार कंपनीत होतं, आणि पुढचा नंबर आपला की काय या धास्तीत होतं. मला वाटलं होतं, लोक टाळतील. कसलं काय! एकजण म्हणाली, आमच्याकडे साताऱ्याला बुधवारचा मुलगा असायचा, त्याला आई आमच्याआधी वाढायची. दुसरीचा सासरा स्वतः वारावर जेवलेला. अमेरिकेत येऊन गालिचे अंथरले तरी प्रत्येकाच्या घरात ही गोष्ट कुठे ना कुठे होतीच, फक्त कुणी बोलत नव्हतं. मालतीताई फाटक तेवढ्या अडल्या. पुण्याच्या त्या, आणि आमच्यात सगळ्यांत मोठ्या. "कुंदा, मेकॅनिक लोक आपलं खातील का गं?" म्हणून विचारायला लागल्या. मी म्हटलं, वाढून तर बघा. सोमवार माझा ठरला. गुरुवार दोन अविवाहित पोरांनी उचलला, ज्यांना अंड्यापलीकडे काही येत नव्हतं. शनिवार, शर्यतीचा दिवस, मालतीताईंनी मागून घेतला.

पहिल्या सोमवारी मी पातेलंभर झुणका, पोळ्यांची चळत आणि भात घेऊन गॅरेजमध्ये गेले. हँकने झाकणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा दगडासारखा झाला. "वी डोंट टेक चॅरिटी," म्हणाला. पाचही पोरं आपापल्या बुटांकडे बघायला लागली. 

तेव्हा शरद हूडखालून बाहेर आला. हात पुसले आणि उभ्या उभ्या बोलायला लागला. त्याने त्यांना आपल्या वडिलांची गोष्ट सांगितली, काही न लपवता. सात घरं, सात पाट, बारा-तेरा वर्षांचा पोरगा. तो भिकारी नव्हता, म्हणाला. त्या घरांनी त्याला जेवण दिलं, आणि त्याच्याकडून एकच गोष्ट मागितली, की परीक्षा पास हो. एकही परीक्षा तो नापास झाला नाही. तुमची परीक्षा ही आहे, शरद म्हणाला, सीझन पूर्ण करा. मी त्याच्याकडे बघतच राहिले. जे माझ्यापाशीसुद्धा मोकळेपणाने बोलला नव्हता, ते तो ग्रीसने माखलेल्या सहा परक्या माणसांपुढे ताठ उभं राहून सांगत होता. हँकने हातातला पाना खाली ठेवला. मग त्याने विचारलं, सोमवार कुणाचा? मी म्हटलं, माझा. त्याने प्लेट पुढे केली.

बाप्पा, काय तो उन्हाळा! आमच्याकडे जूनमध्ये जेवणं उरकली तरी उजेड असतो. गॅरेजचं दार उघडं, दारात उलट्या बादल्या मांडलेल्या, आणि पाच अमेरिकन पोरं पोळीचे तुकडे करून वांग्याच्या रश्शात बुडवताहेत. पहिल्या आठवड्यात त्यातला एक माझ्या तिखटाने ढसाढसा रडला आणि रडत रडत अजून वाढा म्हणाला. डबे कधी रिकामे परत आले नाहीत. कधी मक्याची कणसं, कधी डोनाच्या परसातली काकडी. एका पोराने सातही घरांतल्या कुकरच्या शिट्ट्या आणि दांडे दुरुस्त करून दिले, दुसऱ्याने आमच्या सगळ्यांच्या गाड्यांचे ब्रेक तपासले. हिवाळाभर एकमेकांना टाळणारी आमची मराठी मंडळीही डबे पोचवायच्या निमित्ताने त्या गॅरेजमध्ये थांबायला लागली, बोलायला लागली. शुक्रवारवाले देशमुख डॉक्टर तर चक्क टायर ढकलताना दिसले.

आणि मग मालतीताईंची पुरणपोळी. आपल्या लोकांशिवाय ही चूक दुसऱ्या कुणाला जमणार नाही. ऐन शर्यतीच्या दुपारी त्यांनी ट्रॅकच्या मागे पंगत मांडली. पुरणपोळी, वर तुपाची धार, कटाची आमटी, तळलेल्या कुरडया, आणि आग्रह. एक तरी घ्या, अर्धी तरी घ्या, माझ्यासाठी घ्या. त्या पोरांना नाही कसं म्हणायचं हे कुणी शिकवलेलं नव्हतं. जेवण झालं आणि पाचही जण ट्रकच्या सावलीत आडवे. घोरण्याचा आवाज इंजिनांच्या वर. शेवटी हलवून उठवलं, तर डोळ्यांवर झापड घेऊन त्यांनी उजवीकडचे टायर डावीकडे लावले आणि डावीकडचे उजवीकडे. आता या गाड्यांचे उजवे टायर मुद्दाम मोठे असतात, डावीकडे वळायला सोपं जावं म्हणून. त्यामुळे सगळ्या गाड्या डावीकडे वळत होत्या आणि हँकची गाडी हट्टी म्हशीसारखी भिंतीकडे ओढ घेत होती. हँक शेवटचा आला. आम्ही सगळे माना खाली घालून उभे, आणि मालतीताई हँकला विचारतात, पोळी मऊ झाली होती ना? हँकने हेल्मेट काढलं आणि इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. त्या दिवसापासून नियम झाला की पोळी जिंकल्यानंतर. आणि खोटं नाही सांगत, पुढच्या दोन शर्यती आम्ही जिंकलो.

'आम्ही' म्हणायला लागले होते मी. शरदही म्हणायचा. घरी येऊन तो आता मुग्धाला मांडीवर घेऊन शर्यत सांगायचा, तोंडाने इंजिनाचे आवाज काढून. ऑगस्ट संपताना त्या ट्रॅकच्या गुणांमध्ये हँक पहिल्या नंबराच्या अगदी जवळ पोचला. शेवटच्या शर्यतीवर सगळं येऊन ठेपलं, आणि त्या आठवड्यात बॅटरी कंपनीचा माणूस गॅरेजमध्ये हजर झाला.

आखूड टाय, गोड हसू. शेवटच्या शर्यतीला स्थानिक टीव्हीचा कॅमेरा येणार होता. नवे टायर देतो, म्हणाला, पेट्रोल देतो, फक्त हूडवर आमचं नाव परत टाका. सोमवार होता, मी वाढत होते.  हँकने शरदकडे पाहिलं. मग पोरांनीही शरदकडे पाहिलं. काही महिन्यांपूर्वी ज्याला कुणी एका कागदावर सही करून नोकरीवरून काढलं होतं, त्या माझ्या नवऱ्याकडे सगळं गॅरेज उत्तरासाठी बघत होतं.

शरद म्हणाला, "सॉरी. द हूड इज फुल."

त्या माणसाने कोऱ्या करड्या हूडकडे पाहिलं. मी पण पाहिलं. खरं सांगते, मला त्या क्षणी शरदच्या डोक्यात उलथणं घालावंसं वाटलं. अरे बाबा, नवे टायर देताहेत, घे ना मुकाट्याने! त्या माणसाचाही काही दोष नव्हता. परवा मुग्धाचा पडलेला आवाज ऐकला आणि मला तो आखूड टायवाला आठवला. तोही कुणाचा तरी मुलगा होता, वरून सांगितलेलं करत होता. कंपन्या येतात, जातात, त्यांचं ते तसंच असायचं. पण हँक मोठ्याने हसला आणि डोनाला म्हणाला, ब्रश आण. आणि तिने त्याच संध्याकाळी हूडवर पांढऱ्या रंगात, एकाखाली एक, इंग्रजीत आठवड्याचे सातही वार लिहिले. सर्वांत वर सोमवार.

शेवटची शर्यत, एरवीसारखी शनिवारी नाही, सप्टेंबरातल्या एका रविवारी दुपारी झाली. आदल्या दिवसापर्यंत उकडत होतं, आणि त्या सकाळी उत्तरेकडून गार वारा सुटला. बाकीच्या टीम स्वेटर शोधत होत्या. शरदने नाक वर करून हवा हुंगली, प्लग काढून पाहिला आणि कार्ब्युरेटर पुन्हा उघडून बसला. गार हवा जड असते, तिला पेट्रोल जास्त लागतं, एवढं मलाही तोवर कळायला लागलं होतं. आम्ही सातही वारांची माणसं फळ्यांच्या बाकांवर रांगेत बसलो होतो, साड्यांवर कोट घालून. निवेदकाने एकेका गाडीचं आणि तिच्या स्पॉन्सरचं नाव घ्यायला सुरुवात केली. आमच्या गाडीपाशी तो अडखळला. कागद उलटासुलटा करत असावा. मग त्याने वाचलं, मंडे, ट्यूजडे, वेन्सडे, आणि वाचता वाचता त्याचाच आवाज चढत गेला. सॅटर्डे आला तेव्हा मालतीताई उभ्या राहिल्या आणि सगळ्या बाकांना नमस्कार करून खाली बसल्या.

जुने टायर होते आमचे. वळणावर गाडी घसरताना दिसायची. पण सरळ पट्टा आला की ती अशी काही सुटायची की पुढची गाडी जागच्या जागी उभी आहे असं वाटावं. बाकीच्यांची इंजिनं त्या गारठ्यात ठसकत होती आणि आमचं एका सुरात गात होतं. हँकने एक गाडी मागे टाकली, मग दुसरी. शेवटच्या फेरीत पुढे एकच गाडी उरली, नवीकोरी, चारी बाजूंनी नावंच नावं लिहिलेली. मी डोळे मिटून घेतले. उघडले ते देशमुख डॉक्टरांनी माझा खांदा गदागदा हलवला तेव्हा. काळा-पांढरा झेंडा हलत होता आणि आमचा करडा हूड सगळ्यांच्या पुढे होता.

शरदला नोकरी लागली ती पुढच्या वर्षी, आणि या विजयामुळे नाही, बाजार सुधारला म्हणून. पण ती लागेपर्यंत जो माणूस माझ्या घरात वावरत होता, तो सोफ्यावरचा नव्हता.

तिथे रीत अशी की जिंकलेला ड्रायव्हर गाडीच्या टपावर बसतो, निवेदक त्याच्या हातात माइक देतो, आणि तो एका दमात सगळ्या स्पॉन्सरांचे आभार मानतो. हँकने माइक घेतला, सातही वार घडाघडा म्हटले, आणि म्हणाला की यातलं अधिक काही ऐकायचं असेल तर माझ्या इंजिनियरला विचारा. माइक शरदच्या हातात आला.  मला वाटलं, हा आता "हो" म्हणून परत देणार की काय! त्याने बाकांवर नजर फिरवली, मला शोधलं, आणि अख्ख्या मक्याच्या शेतांना ऐकू जाईल असा त्याचा आवाज लाउडस्पीकरवर घुमला.

"मंडे इज माय वाइफ. हर नेम इज कुंदा."

टाळ्या पडल्या. खालच्या बाकांवरचे लोक मागे वळून वळून मंडे कुठे बसलीय ते शोधायला लागले. मी उभी राहिले आणि दोन्ही हात वर केले.